हार्ट अटॅकनंतरचा इंटरव्हल व्यायाम : नाशिकमध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी

डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची यादी मिळते, पथ्याचा कागद मिळतो आणि व्यायामापुढे एक ओळ असते : 'हलका व्यायाम, झेपेल तसे चालणे'. झेपेल म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. मग काही जण जिना चढायलाही घाबरतात आणि घरात बसून राहतात. काही जण महिना उलटायच्या आत पांडवलेणीच्या पायऱ्यांवर दिसतात. त्यात आता यूट्यूबवरून 'इंटरव्हल ट्रेनिंगने हृदय पुन्हा तरुण' असले व्हिडिओ घराघरांत पोचलेत. मुलं पाठवतात, आपण बघतो आणि गोंधळ वाढतो.

मी साठीला टेकलेला, सिडकोत राहणारा माणूस. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक, एक स्टेंट, आणि नंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकलेला इंटरव्हल व्यायाम, एवढी माझी पात्रता. डॉक्टर नाही. म्हणून खाली जे आहे ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलायला जाताना सोबत न्यायचं आहे, त्यांच्या जागी ठेवायचं नाही.

इंटरव्हल म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. काही मिनिटं दम लागेल असं जोरात, मग काही मिनिटं सावकाश, पुन्हा जोरात, पुन्हा सावकाश. एवढंच. धावायलाच पाहिजे असं नाही. बहुतेक हृदयरुग्णांचा 'जोरात' म्हणजे चढावर चालणं असतं.

१. हृदयात नेमकं काय झालंय ते समजून घ्या

रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर पोसलेला स्नायू काही तासांत मरायला लागतो. स्टेंट टाकून वाट मोकळी होते, पण तोवर जेवढा स्नायू गेला तेवढा गेला. पुढच्या काही आठवड्यांत शरीर ती मेलेली पेशी-पेशी साफ करतं आणि तिथे कोलॅजनचा चिवट डाग तयार करतं. डाग पक्का व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत ती भिंत मऊ असते, आणि घाई का करायची नाही याचं एक मोठं कारण हेच आहे.

हा डाग व्यायामाने विरघळत नाही. माणसाच्या हृदयाच्या पेशी नव्याने तयार होतात, पण फार थोड्या. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत आलेल्या कार्बन-१४ च्या आधारे हे मोजलं होतं : पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. पुढे २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात, चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हृदयात नव्या पेशींचं प्रमाण वाढलेलं दिसलं. व्हिडिओवाले बोलतात ते बहुधा यावरून. उंदरात दिसलेलं माणसात तसंच घडेल असं धरून चालू नका.

मग बदलतं काय? उरलेला स्नायू. जोडीतल्या एका बैलाने मान टाकली की जू दुसऱ्यावर येतं, तसं जिवंत स्नायूवर जास्तीचं ओझं पडतं. तो ताणला जातो, त्याच्या पेशी लांब आणि जाड होतात, डावा कप्पा फुगत जातो, आणि फुगलेल्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला आणखी जोर लावावा लागतो. डॉक्टर याला रिमॉडेलिंग म्हणतात. हे चक्र अडवणं, जमल्यास थोडं मागे फिरवणं, हा खरा डाव आहे. गोळ्या तेच करतात आणि व्यायामही.

नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या गटाने अटॅक आलेल्या उंदरांना इंटरव्हल पद्धतीने पळवून पाहिलं. त्यांच्या हृदयपेशींची अनैसर्गिक वाढ कमी झाली आणि पेशी जास्त जोमाने आकुंचन पावू लागल्या. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम शिरतं आणि ठोका संपला की ते पुन्हा कोठारात ओढून घ्यावं लागतं. ते ओढणारं प्रथिन वाढलेलं आढळलं. कॅल्शियम वेळेत आत गेलं की स्नायू नीट सैल होतो, आणि नीट सैल झालेलं हृदयच नीट भरतं. याशिवाय रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुधारतं, त्या गरजेला पटकन रुंदावतात, आणि पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू जास्त चांगला वापरायला शिकतात. आपल्याला जो फरक आधी जाणवतो तो बहुतेक या पायांचा असतो. हृदयाचं काम पायांनी हलकं केलेलं असतं.

जोरातच का, नुसतं वीस मिनिटं चाललं तर? त्याचाही फायदा होतोच. पण जो जोर तुम्ही सलग वीस मिनिटं लावू शकत नाही, तो चार मिनिटं लावू शकता. मध्ये सावकाश चाललात तर पुन्हा चार मिनिटं. अशाने हृदयाला जास्त जोराच्या कामाचा एकूण वेळ जास्त मिळतो. मधली सावकाश मिनिटं हा औषधाचाच भाग आहे, ती वगळायची नसतात.

आता आकड्यांचं. त्याच नॉर्वेच्या गटाने २००७ मध्ये अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्या २७ रुग्णांवर प्रयोग केला. सरासरी वय पंचाहत्तरच्या घरात. आठवड्यात तीन वेळा, बारा आठवडे. इंटरव्हल गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, सलग मध्यम चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. कप्प्याचा आकार घटला आणि ईएफ, म्हणजे डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, २८ वरून ३८ च्या आसपास गेला. जगभर गाजावाजा झाला. मग २०१७ मध्ये युरोपातल्या नऊ केंद्रांवर २६१ रुग्णांचा मोठा अभ्यास आला आणि त्यात कप्प्याच्या आकाराबाबत इंटरव्हल सलग व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. त्यातली मेख अशी की इंटरव्हल गटातले निम्मे लोक ठरलेल्या जोरापेक्षा कमी जोर लावत होते, आणि मध्यम गटातले ८० टक्के ठरल्यापेक्षा जास्त. म्हणजे दोन गट मधे कुठेतरी एकमेकांना भेटलेच.

यातून मी घेतलेला अर्थ असा : ईएफचा आकडा वाढवायला म्हणून इंटरव्हल करू नका. तो वाढेल किंवा तिथेच राहील. दम टिकण्याची ताकद मात्र वाढते, आणि ती वाढायची तर जोर तुमच्या मापाने ठरलेला हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या मापासाठी आहेत.

२. कागद एका फाइलीत लावा

व्यायामाचं ठरवायला जाताना हे लागतं :

– डिस्चार्ज कार्ड. अटॅक कोणत्या भिंतीचा, स्टेंट कुठे, अजून कुठे ब्लॉकेज शिल्लक आहे का, हे त्यात असतं. शिल्लक ब्लॉकेजची ओळ स्वतः वाचा.
– अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी. सीडी डिस्चार्जच्या दिवशीच मागा. महात्मा फुले योजनेतून अँजिओप्लास्टी झाली असली तरी तुमची प्रत तुम्हाला मिळायला हवी.
– अगदी अलीकडचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अटॅकच्या वेळचा चालत नाही. तेव्हा थिजलेला स्नायू पुढे काही आठवड्यांत जागा होऊ शकतो.
– अलीकडचा ईसीजी.
– हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांचे रिपोर्ट. रक्त कमी असेल तर दम हृदयामुळे लागतोय की रक्तामुळे, ते कळत नाही.
– चालू गोळ्यांची यादी, नाव आणि वेळेसकट. पाकिटांचा फोटो काढलात तरी चालतो.
– पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलं असेल तर त्याचं कार्ड. यंत्र कोणत्या ठोक्याला शॉक देतं तो आकडा महत्त्वाचा, कारण व्यायामात ठोके त्याच्या बरेच खाली ठेवावे लागतात.

सामान फारसं नाही. पकड असलेले बूट, सेकंदकाटा दिसणारं घड्याळ, एक वही, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर जिभेखालची गोळी. छातीला बांधायचा पट्टा घेतलात तर ठोके बरोबर कळतात. मनगटावरची घड्याळं जोरात चालताना चुकतात. कोविडच्या काळापासून प्रत्येक घरात पडलेला बोटाचा ऑक्सिमीटर हात हलत असताना जवळपास निरुपयोगी आहे.

३. कोणी थांबायचं

पहिले चार-सहा आठवडे इंटरव्हल नाही, फक्त सपाटीवर चालणं, हे बहुतेकांना लागू. बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायला आणखी वेळ लागतो. तोवर हात जोरात हलवणारा व्यायाम किंवा वजन उचलणं टाळायचं.

त्यानंतरही काही जणांनी थांबायचंच असतं : बसल्याजागी किंवा थोड्याशा श्रमाने छातीत दुखतंय, दुखणं वाढत चाललंय, पायांना सूज आणि रात्री उशा लावून झोपावं लागतंय, महाधमनीची झडप फार अरुंद आहे, कप्प्यात रक्ताची गाठ दिसलीय, ठोके बेताल आहेत आणि अजून आटोक्यात नाहीत, किंवा बसलेल्या अवस्थेतला रक्तदाब १८०/११० च्या वर जातोय. ताप, सर्दी-खोकला असेल तेवढे दिवसही सुट्टी. विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल आणि त्यात जोराचा व्यायाम झाला तर महागात पडतं.

४. स्ट्रेस टेस्ट, आणि तीही गोळ्या घेऊन

स्ट्रेस टेस्ट म्हणजे ट्रेडमिलवर चालवत केलेली हृदयाची तपासणी, हिलाच टीएमटी म्हणतात. इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. मोबाइलवरचं सूत्र म्हणतं, मिनिटाचे कमाल ठोके काढायला २२० मधून वय वजा करा. पंचावन्न वर्षांच्या माणसाचे १६५ येतात, त्याचे ८५ टक्के म्हणजे १४०. पण आपण मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल घेत असतो. या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. समजा त्याच माणसाची ट्रेडमिल टेस्ट १२८ ठोक्यांवर दमून संपली. सूत्राचे १४० गाठायला गेला तर तो स्वतःच्या कमाल मर्यादेच्याही पुढे धडका मारत राहील. त्याचा खरा जोराचा पट्टा, म्हणजे जोरात चालताना ठोके ज्या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवायचे तो, १२८ च्या ८५ ते ९५ टक्के, म्हणजे १०९ ते १२२. आणि सुरुवातीला त्याच्याही खालीच.

निदानासाठी टीएमटी करतात तेव्हा काही वेळा ही गोळी आदल्या दिवशी बंद करायला सांगतात. व्यायाम ठरवायची टेस्ट मात्र रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी घेऊनच व्हायला हवी. टेस्टची तारीख घेतानाच फोनवर विचारा, 'व्यायामाचं प्रमाण ठरवायला करतोय, गोळी चालू ठेवू ना?' गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

टेस्टमध्ये ट्रेडमिल दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवते. पहिल्या टप्प्यात ताशी पावणेतीन किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसऱ्यात ताशी चार आणि १२ टक्के. दांड्याला लटकू नका, नाहीतर क्षमता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. रिपोर्टमधून चार गोष्टी वहीत उतरवा : सुरुवातीचे ठोके, शेवटचे ठोके, रक्तदाब कुठवर गेला, आणि टेस्ट का थांबवली. दमून थांबली असेल तर ठीक. ईसीजीत बदल दिसला किंवा छातीत दुखलं म्हणून थांबवली असेल, तर इंटरव्हल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे.

टेस्टची सोय लगेच नसेल तर फिजिओथेरपिस्ट सहा मिनिटं चालायची चाचणी घेतात. तीस मीटरच्या सरळ पट्ट्यावर सहा मिनिटांत किती मीटर चाललात ते मोजायचं. पाया घालायला ती चांगली. जोराचा पट्टा ठरवायला मात्र अपुरी.

५. देखरेख करणारा माणूस शोधा

पहिले काही आठवडे एकट्याने करू नका. नॉर्वेतल्या तीन पुनर्वसन केंद्रांत ४,८४६ रुग्णांच्या पावणेदोन लाखांहून जास्त तासांच्या व्यायामाची नोंद तपासली गेली. मध्यम व्यायामात एक मृत्यू, जोराच्या व्यायामात हृदय बंद पडण्याच्या दोन घटना, आणि ते दोघे वाचले. धोका फार कमी आहे. पण तासांच्या हिशोबात जोराच्या व्यायामात तो जास्त निघाला, आणि ते दोघे वाचले ते केंद्रात होते, जवळ माणसं होती म्हणून. घराच्या गच्चीवर तसं होत नाही.

फिजिओथेरपिस्ट निवडताना हृदय-श्वसन विषयात पदव्युत्तर शिक्षण आहे का, राज्य परिषदेची नोंदणी आहे का, आणि व्यायामाच्या जागी डीफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र) आहे का, हे तिन्ही प्रश्न न लाजता विचारा. महाराष्ट्रातलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, फिजिओथेरपीच्या बऱ्याच पदव्या तिथून मिळतात, तेव्हा नाशकात शिकलेली माणसं नाहीत असं नाही, शोधावी लागतात. हृदयरोगतज्ज्ञांकडून नावासकट चिठ्ठी मागा, 'कुठेही करा' वर समाधान मानू नका.

जिममधल्या 'हिट' (हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) वर्गाचं नाव सारखं वाटलं तरी तो प्रकार वेगळा. उड्या, जोर, वजनं, वर गाण्याचा धडाका. वजन उचलताना आपण नकळत श्वास रोखतो आणि रक्तदाब एकदम उसळतो. तिथल्या ट्रेनरने 'काका, काही होत नाही' म्हटलं तर तिथून निघा.

आणि एक. घरातल्या बाईला अटॅक आला की व्यायामाचा विषयच निघत नाही. 'ती दिवसभर कामातच असते की' हे उत्तर मी खूप घरांत ऐकलंय. पोळ्या लाटणं आणि भांडी घासणं यात थकवा येतो, पण ठोके ठरलेल्या पट्ट्यात ठरलेला वेळ राहत नाहीत. तिची फाइलही लावा.

६. पाया : आधी सलग चालणं

सलग तीस मिनिटं सपाटीवर आरामात चालता येईपर्यंत इंटरव्हलचं नाव काढू नका. जोर मोजायला बोर्गची मोजपट्टी वापरतात. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ती बनवली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याच्यापुढे अशक्य. पायाभरणीचं हे चालणं ११ ते १३ वर. ठोके बेताल असणाऱ्यांना ठोक्यांचा उपयोग नाही, त्यांनी पूर्णपणे याच पट्टीवर चालायचं.

मोजपट्टी डोक्यात बसेपर्यंत पाढे म्हणा. बाराचा पाढा न अडखळता म्हणता येतोय तर चालणं पायाभरणीच्या पट्ट्यात आहे. दर दोन आकड्यांनंतर श्वास घ्यावा लागतोय तर तुम्ही जोराच्या पट्ट्यात शिरलात. आकडाच तोंडातून फुटत नसेल तर फार झालं, सावकाश व्हा.

टिकॅग्रेलॉर नावाची गोळी चालू असेल तर एक लक्षात ठेवा : तिच्यामुळे काही जणांना बसल्याबसल्याही दम लागल्यासारखं होतं. तो व्यायामाचा दोष नसतो. डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र परस्पर सोडू नका. नव्या स्टेंटवर रक्त पातळ करणारी गोळी चुकवणं हा या सगळ्या लेखातला सगळ्यात मोठा धोका आहे.

७. पहिले इंटरव्हल : एक मिनिट

दहा मिनिटं सावकाश चालून अंग गरम करा. मग एक मिनिट चाल वाढवा, बोर्गवर १४ पर्यंत. दोन मिनिटं सावकाश. असं पाच-सहा वेळा. शेवटी पाच ते दहा मिनिटं मंद चालणं.

शेवटचं मंद चालणं लोक सर्रास सोडतात. जोरात चालून एकदम उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, दाब खाली येतो, चक्कर येते, कधी ठोके चुकतात. लगेच बाकावर बसू नका, आणि घरी येऊन लगेच कढत पाण्याने आंघोळ करू नका. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नाहीच.

आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. मधल्या दिवशी साधं चालणं. वाढवायचं असेल तर आधी वेळ वाढवा, नंतर जोर. एकाच आठवड्यात दोन्ही नाही. मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर निघण्यापूर्वी साखर बघा. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, खिशात साखर ठेवा.

८. चार-चार मिनिटांची पद्धत

एक मिनिटाचं दोन-तीन मिनिटांपर्यंत वाढलं, फिजिओथेरपिस्टने होकार दिला, की मग नॉर्वेच्या अभ्यासातली पद्धत :

– दहा मिनिटं अंग गरम करणं
– चार मिनिटं जोरात, टेस्टमधल्या कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९५ टक्के, बोर्गवर १५ ते १७
– तीन मिनिटं सावकाश, सुमारे ७० टक्के
– हे जोरात-सावकाश मिळून चार वेळा
– शेवटी पाच मिनिटं मंद

सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास.

चार मिनिटांच्या पहिल्या मिनिटात ठोके पट्ट्यात येत नाहीत, म्हणून लोक सुरुवातीलाच सुसाट सुटतात आणि तिसऱ्या मिनिटाला थांबतात. ठोके चढायला दीड-दोन मिनिटं लागतात. पहिलं मिनिट संयमाने घ्या. चौथ्या फेरीतही पहिल्या फेरीइतकाच वेग राहिला तर जोर बरोबर ठरलाय. चौथ्यात पाय ओढत असाल तर पहिल्या फेरीत जास्त झालं.

ही पद्धत सगळ्यांना मानवते असंही नाही. कुणाला एक मिनिटाचीच फेरी आयुष्यभर बरी वाटते. करू द्या. बेल्जियममध्ये दोनशे हृदयरुग्णांच्या अभ्यासात इंटरव्हल आणि सलग व्यायाम या दोन्ही गटांची क्षमता जवळजवळ सारखीच, वीस-बावीस टक्के वाढली होती. जो प्रकार वर्षभर टिकेल तो घ्या.

९. नाशकात कुठे, कधी

कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान, गोविंदनगरचा ट्रॅक, ही पायाभरणीच्या चालण्यासाठी उत्तम ठिकाणं. माणसांचा राबता असतो आणि मदत लवकर मिळते. पण सपाटीवर नुसतं भरभर चालून बऱ्याच जणांचे ठोके पट्ट्यात चढत नाहीत, आणि मग ते धावायला लागतात. त्याऐवजी ट्रेडमिलला चढ द्या, किंवा घराजवळचा लांब, सौम्य चढाचा रस्ता शोधा : चार मिनिटं वर, मग वळून सावकाश खाली. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, सकाळी छान वाटतं, पण घाटाच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात. दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्यावर आपटणं परवडणारं नाही.

सायकलचंही तसंच. आपलं शहर सायकलवेडं आहे. इथल्याच महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार ओलांडायची 'रॅम' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर जास्तच. पण पहिले काही महिने एका जागी उभी असलेली सायकल बरी. चढ-उतार, खड्डे आणि रिक्षा यांच्यात जोर मोजला जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पडू नका. गार हवेत रक्तवाहिन्या आखडतात, दाब वाढतो, आणि तेवढ्याच चालण्याला हृदयाला जास्त काम पडतं. ऊन अंगावर आल्यावर निघा, कानटोपी घाला. एप्रिल-मेमध्ये उलट, सूर्य वर येण्यापूर्वी आटपा. पाणी काढणारी गोळी चालू असेल तर घामासोबत दाब फार खाली जातो. पावसाळ्यात इमारतीचं पार्किंग चालतं.

भरल्या पोटी नको, जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. आणि ट्रॅकवरून घरी येताना मिसळीचा कट दिसतो, ते मला माहीत आहे. तर्री न घेता, महिन्यातून एखाद वेळ. याहून जास्त उपदेश मला करता येणार नाही, मीही नाशिकचाच.

१०. थांबायच्या खुणा

छातीत दाब, आवळल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, अचानक गार घाम, चक्कर, ठोके उड्या मारल्यासारखे वाटणं : त्या क्षणी थांबा. बसा, उभ्याने नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवा. ती बसूनच घ्यायची, कारण दाब उतरतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. लैंगिक दुर्बलतेवरची गोळी घेतली असेल तर जिभेखालच्या गोळीने दाब धोकादायक उतरू शकतो. हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, लाजू नका.

हळूहळू दिसणाऱ्या खुणाही असतात. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढणं म्हणजे शरीरात पाणी साचतंय. रोजच्याच चालीला ठोके पूर्वीपेक्षा जास्त येणं, व्यायामानंतर दिवसभर गळून जाणं, पोटऱ्यांवर सूज. अशा वेळी इंटरव्हल बंद, फोन करून वेळ घ्या.

११. काय मोजायचं

वहीत रोज : सकाळी उठल्यावरचे ठोके, वजन, कोणत्या फेऱ्या केल्या, बोर्गचा आकडा. महिन्याने त्याच चढावर तोच वेग आणि कमी ठोके, असं दिसलं की काम होतंय. बारा आठवड्यांनी सहा मिनिटांची चाल पुन्हा मोजा, शक्य असेल तर ट्रेडमिल टेस्टही. त्यावरून जोराचा पट्टा नव्याने ठरतो. जुने ठोके घेऊन वर्षभर चालू नका. गोळीचा डोस बदलला तरी पट्टा बदलतो.

इको डॉक्टर सांगतील तेव्हाच. ईएफ ४० चा ४३ झाला म्हणून पेढे नकोत, ४० चा ३८ झाला म्हणून रात्रीची झोप नको घालवायला. दोन वेगळ्या माणसांनी किंवा मशीनवर केलेल्या तपासणीत एवढा फरक नुसता मोजण्याचाही असू शकतो. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच व्यक्तीकडून करून घ्या.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

पांडवलेणी कधी चढू? चार-चार मिनिटांच्या फेऱ्या काही आठवडे विनातक्रार होत असतील आणि डॉक्टरांची ना नसेल, तर सोबत कुणाला तरी घेऊन, टप्प्याटप्प्यावर थांबत. पायऱ्या सलग चढल्या की जोर आपोआप पट्ट्याबाहेर जातो, म्हणून थांबायची जागा आधीच ठरवा. सप्तशृंगी गडावर ट्रॉली आहे, ती वापरा.

श्रावणातली त्र्यंबकची फेरी? तिसऱ्या सोमवारच्या गर्दीत, रात्री, चिखलात आणि अनवाणी : पहिल्या वर्षी नाही. तिथे मनासारखं थांबता येत नाही आणि रुग्णवाहिका माणसांतून वाट काढत येते. फारच ओढ असेल तर दुसऱ्या वर्षी साध्या वारी, उजेडात, बूट घालून थोडं अंतर चालून या. सकाळच्या गोळ्या घेऊन निघा, जिभेखालची गोळी वरच्या खिशात ठेवा, आणि सोबतच्या माणसाला ती कुठे आहे ते सांगून ठेवा.